लोटूआप्पांच्या कोऱ्या काचा

लोटूआप्पांना कायम व्हायचं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण मला बोलताना फाटे फोडायची खोड आहे. मी मध्येच सुरतेच्या पोंकाच्या, म्हणजे हुरड्याच्या, गाड्यांवर नाहीतर तापीच्या पुलावर घसरले, तर निदान तुम्ही तरी मूळ धागा धरून ठेवा.

‘कायम’ म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी पिढीजात सरकारी नोकरी आहे त्यांना कळायचं नाही. खानदेशातून सुरतेला आलेली आमची माणसं पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या रंगखान्यांत वीस-वीस वर्षं राबायची आणि तरी रोज सकाळी गेटावर जाऊन उभी राहायची. मुकादमानं मान हलवली तर आत, नाहीतर डबा घेऊन घरी. माझे वडील उधन्याला लूमवर होते, त्यांची तीच तऱ्हा. मी एम.एस्सी. झाले तेव्हा गल्लीत पेढे वाटण्याआधी त्यांनी मला एकच विचारलं, “जयश्री, यानं माणूस कायम होतं का?”

शहाण्णव साली मी एका ट्रस्टच्या दवाखान्यातल्या संशोधन विभागात लागले. विभाग म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या, दोन फ्रीज, एक मायक्रोस्कोप आणि आमचे वशीसर. सर जातिवंत सुरती. खाण्यात आणि शिव्या देण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. त्यांच्या हाताखाली मला पीएच.डी. करायची होती. पहिल्या दिवशी मी कोपऱ्यात बसून डबा उघडला, तर काचा धुणारा एक उंच, काळासावळा, पन्नाशीचा माणूस येऊन माझ्या भाकरीकडे टक लावून पाहायला लागला. मला रागच आला. म्हटलं, हा कोण आगाऊ!

“कळणानी भाकर?” तो म्हणाला. “कोणतं गाव शे तुनं?”

सकाळपासून ‘केम छो’ आणि ‘सारू छे’ करून माझी जीभ वाकडी झाली होती. ती अहिराणी कानावर पडली आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी म्हटलं, शिंदखेडा. तो म्हणाला, “मन्हं नरडाणं.” म्हणजे रेल्वेनं शेजारचंच. मी अर्धी भाकरी मोडून त्याच्या हातावर ठेवली. तेव्हापासून ते माझे आप्पा आणि मी त्यांची ताई. चारचौघांत मात्र ते मला ‘जयश्रीबेन’ म्हणायचे आणि एकदम अहोजाहो करायचे. मला त्याचं हसू यायचं.

आप्पा मूळचे रंगखान्यातले. पांडेसऱ्याला एका प्रोसेस हाउसात रंगमास्तराचा उजवा हात होते. चौऱ्याण्णवला सुरतेत प्लेग आला तेव्हा रंगखाना बंद पडला, आणि जो तो स्टेशनकडे धावत सुटला. आप्पांनी बायकोला, प्रमिलाबाईंना, मिळेल त्या गाडीत कोंबून नरडाण्याला पाठवलं आणि स्वतः शेजारच्या आजारी माणसाला घेऊन या दवाखान्यात आले. इथं पाहतात तर निम्मे वॉर्डबॉय पळालेले. कोणीतरी त्यांच्या हातात मास्क आणि झाडू दिला. तो शेजारी बरा होऊन घरी गेला, आप्पा राहिले. वशीसरांनी त्यांना बाटल्या धुताना पाहिलं आणि वर ओढून घेतलं. सर म्हणायचे, “हा लोटुभाई भांडं धुतो तेव्हा भांड्याला लाज वाटते.” पण ऑर्डर सहा-सहा महिन्यांची. सप्टेंबर आला की आप्पांचं जेवण कमी व्हायचं, मार्च आला की पुन्हा.

आता आमचं काम सांगते. घाबरू नका, दोन मिनिटांत संपवते. मूत्राशयातल्या गाठींचे, ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे आमच्याकडे यायचे. त्यांचे कागदाहून पातळ काप करून काचेवर चिकटवायचे आणि त्यावर अँटिबॉडीचं पाणी घालायचं. अँटिबॉडी म्हणजे समजा एक हात, जो एकच वस्तू पकडतो. गाठीत एक ठरावीक प्रथिन आहे का, हे आम्हाला पाहायचं होतं. ते प्रथिन पकडणारा हात विलायतेतल्या एका प्रयोगशाळेनं सशाच्या रक्तातून तयार करून सरांना भेट म्हणून पाठवला होता. बोटाएवढी बाटली, तिच्या तळाशी चार थेंब. तेच एका मोठ्या बाटलीत पाण्यात मिसळून ठेवायचे आणि पुरवून पुरवून वापरायचे. हातानं प्रथिन पकडलं की पुढच्या रसायनानं तिथं तपकिरी रंग उमटतो. तपकिरी दिसलं की प्रथिन आहे, काच कोरी राहिली की नाही.

तो तपकिरी रंग नेमका कुठं थांबवायचा, यात सगळी गोम असते. दोन क्षण उशीर झाला की सगळीच काच गढूळ. मी घड्याळ लावून बसायचे आणि तरी माती करायचे. आप्पा काच खिडकीच्या उजेडात धरायचे, डोळे बारीक करायचे आणि “बस!” म्हणून पाण्यात बुडवायचे. त्यांचा अंदाज मी एकदाही चुकलेला पाहिला नाही. आणि त्या रसायनाला हात लावताना मला दोन-दोन हातमोजे घालायला लावायचे. म्हणायचे, “हा आमच्या रंगखान्यातल्या रंगांचा भाऊबंद शे, ताई. याची दोस्ती वाईट.” त्या तुकड्यांमध्ये रंगखान्यात काम केलेली माणसं पुष्कळ होती. काचेवर नुसता नंबर असायचा. आप्पांनी कधी नाव विचारलं नाही, पण काच हातात घेताना दुसऱ्या हाताचा आधार द्यायचे.

आता माझं पाप. भिंतीवर सरांच्या अक्षरात गुजरातीतून कागद लावलेला होता, की एकदा वापरलेली अँटिबॉडी परत वापरायची नाही. माझे पेशंट चाळीस आणि बाटलीतलं सामान जेमतेम वीस जणांचं. विलायतेहून आणखी मागवायचं तर सरांचं तोंड कोण ऐकणार? मी आप्पांना हळूच सांगितलं, “काचेवरचं पाणी फेकू नका. पिचकारीनं ओढून परत त्या मोठ्या बाटलीत घालत जा. थेंब वाया जायला नको. आणि सरांना बोलू नका.”

आप्पा खूश झाले. रंगखान्यात उरलेला रंग गटारात ओतणारा माणूस म्हणजे महापापी. एका शेडचे, म्हणजे एकाच छटेचे, दोन हौदांतले उरलेले रंग एकत्र करायचे, त्यात थोडा नवा रंग घालायचा आणि कापडाचा पुढचा ताका काढायचा, हे त्यांच्या हाडांत मुरलेलं. सहा महिने ते माझा थेंबन् थेंब गोळा करत राहिले आणि माझ्या काचा छान तपकिरी येत राहिल्या. चोवीस पेशंट झाले. मी तर मनातल्या मनात पदवीचा झगाही शिवून घेतला होता.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत सरांनी सांगितलं, ट्रस्ट एक तंत्रज्ञ कायम करणार आहे. एक एप्रिलपासून. नाव लोटुभाईंचं जाणार. आप्पा नुसते नळाखाली हात धरून उभे राहिले आणि पाणी वाहत राहिलं. त्या रविवारी मी त्यांच्या पांडेसऱ्याच्या खोलीवर गेले, तर प्रमिलाबाईंनी आल्या आल्या माझा हात धरला. “ताई, ऑर्डर हातात पडली ना, का मी खापरावरचे मांडे करते. तुम्ही यायचं. हे आता पुन्हा त्या वाफेत जाणार नाहीत.” वाफ म्हणजे रंगखान्यातली. तिथं असताना आप्पांना रात्र रात्र खोकला यायचा. ‘कायम’ म्हणजे प्रमिलाबाईंच्या हिशेबी तो खोकला परत न येणं, दुसरं काही नाही.

फेब्रुवारीत विलायतेहून दुसरी बाटली आली. मी तर उड्याच मारल्या. तिच्यात पेप्टाइड होतं.

आता हे पेप्टाइड कशाला? तर आपला तो हात कधीकधी भलत्याच वस्तूला जाऊन चिकटतो. मग तपकिरी दिसतं, पण खोटं. खरं-खोटं करायची युक्ती अशी, की त्या हाताला जे पकडायचं असतं त्याचाच बारकासा तुकडा, म्हणजे पेप्टाइड, त्याला आधीच भरपूर द्यायचा. दहापट. मूठ भरली. अशी मूठ भरलेली अँटिबॉडी एका काचेवर घालायची आणि साधी दुसऱ्या काचेवर. तुकडे एकाच गाठीचे. साधी तपकिरी आली आणि भरलेली कोरी राहिली, तर आपला रंग खरा. दोन्ही तपकिरी आल्या, तर गेले की आपले चोवीस पेशंट पाण्यात!

मी आप्पांना हे अर्धा तास समजावलं. पाटीवर चित्रं काढली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे पाहुण्याला घरीच पोटभर जेवू घालायचं आणि मग पंगतीला नेऊन बसवायचं. त्यानं ताटाला हात लावला नाही तर तो खरा भुकेचा जेवणारा. आणि पोट भरलेलं असूनही तुटून पडला, तर तो हावरट. त्याच्या जेवण्यावरून स्वयंपाकाची परीक्षा करायची नाही.”

आज मी कॉलेजात शिकवते. पोरांना हेच सांगते. पुस्तकातली चित्रं मी कधीच फेकून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी दोन्ही काचा रंगवल्या आणि खिडकीत धरल्या. एक तपकिरी. एक कोरी, नितळ, जशी काही धुऊन ठेवलेली. माझा जीव भांड्यात पडला. सरांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला, पाच मिनिटं उचललाच नाही, आणि मग शिपायाला पिटाळून सगळ्या मजल्याला लोचो मागवला. ढोकळ्याहून मऊ, गरम लोचो, वर तेल आणि शेव. आम्ही सगळे उभ्यानं खात होतो, सर आप्पांच्या पाठीवर थापा मारत होते. मध्येच आप्पा हात धुऊन आतल्या खोलीत गेले. काचांवरून ओढलेलं पाणी दोन छोट्या नळ्यांत तसंच राहिलं होतं, ते आवरायला. मी पाहिलं त्यांना जाताना. पण माझं लक्ष लोचोत होतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पंचविसावा पेशंट केला. काच कोरी. म्हटलं, असेल एखादा. सव्विसावा कोरा, सत्ताविसावा कोरा. मग मी जुन्या, आधी चांगल्या तपकिरी आलेल्या गाठीचा नवा काप घेतला. तोही कोरा! पुन्हा केलं, पाणी बदललं, रसायन बदललं. खिडकीत धरलेली प्रत्येक काच माझ्याकडे बघून दात काढत होती. आप्पा प्रत्येक वेळी म्हणायचे, “मन्हा हात चुकना का?” आणि रंगाच्या वेळा वहीत पुन्हा पुन्हा पाहायचे.

सरांना सांगावंच लागलं. सर आधी चिडले, मग विचारात पडले. मग त्यांचं ठरलं, की विलायतेचा मालच कच्चा. अँटिबॉडी टिकाऊ नाही, मेली. आणि ज्या मालाचा असा भरवसा नाही, त्यावर केलेले आधीचे चोवीसही रद्द. विलायतेला तसं खरमरीत पत्र लिहायचं आणि विषय बदलायचा. पत्राचा कच्चा मसुदा त्यांनी मला टाइप करायला दिला. वर्षभराचं काम! मी जिन्यात जाऊन रडले. 

आप्पा चहा घेऊन जिन्यात आले. माझ्या शेजारी बसले. मग त्यांनी विचारलं, “ताई, त्या पाहुण्याला घरी दहा माणसांचं वाढलं होतं ना? तो एकटा जेवला. मग उरलेलं कुठं गेलं?”

“कुठं जाणार? तिथंच. त्याच पाण्यात राहतं,” मी नाक पुसत म्हटलं.

आप्पांनी कप पायरीवर ठेवला. त्यांचा चेहरा असा उतरला, की मी रडायची थांबले.

“ते पाणी मी मोठ्या बाटलीत ओतलं,” ते म्हणाले.

मला कळायला दोन क्षण लागले. आणि कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. दोन्ही नळ्यांत एकाच सशाचं, एकाच रंगाचं पाणी. रंगखान्यातला माणूस काय करणार? एका शेडचे दोन उरलेले रंग त्यानं एकत्र केले. सगळं आयुष्य तेच केलं होतं. आणि त्या जास्तीच्या पेप्टाइडनं बाटलीतले सगळेच्या सगळे हात भरून टाकले. तीन आठवडे आम्ही पोट भरलेले पाहुणे पंगतीला बसवत होतो. अँटिबॉडी मेली नव्हती. माल खरा होता आणि माझे चोवीस पेशंटही खरे होते.

मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. आणि लगेच आठवलं, आज चोवीस मार्च.

“आप्पा,” मी त्यांचा दंड धरला, “आठ दिवस कोणाला काही बोलू नका. ऑर्डर हातात पडू द्या. मग मी सरांना सावकाश सांगते. पत्राचं मी पाहते, टाइपरायटर बिघडला म्हणेन.”

“आणि पत्र गेलंच तर?”

“गेलं तर गेलं.”

“नही ताई.” त्यांनी माझा हात सोडवला. “रंगखान्यात मी हे लई पाहिलं. ताका बिघडतो मास्तरच्या हातानं आणि शेठ सांगतो, कापड खोटं होतं. विणणारा बिचारा कुठं जाऊन भांडणार? त्या लोकांनी आपल्याला फुकट दिलं. त्यांचा माल खरा शे. मी त्याला खोटं म्हणू देणार नाही.”

मी खूप समजावलं. प्रमिलाबाईंचं नाव काढलं, खोकल्याचं काढलं. ते ऐकत होते, मान हलवत होते आणि जिना चढत होते. मी त्यांच्या मागोमाग सरांच्या खोलीत गेले.

आप्पांनी उभं राहून, आपल्या मोडक्या गुजरातीत, सगळं सांगितलं. मूळ बाटलीत, पाणी न घातलेलं, एक टिपूस शिल्लक होतं. सरांनी त्याचीच एक काच करायला लावली. दुसऱ्या दिवशी ती काच आप्पांनीच खिडकीत धरली. तपकिरी. सुरेख तपकिरी. सरांनी पत्राचा मसुदा फाडला. मग त्यांनी भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं.

“लोटुभाई, चूक मला चालते. चूक माझ्याकडूनही होते. पण वापरलेलं परत ओतायचं नाही, हे इथं लिहिलंय. परत ओतायला तुम्हाला कोणी सांगितलं?”

खोलीत आम्ही तिघंच होतो. पंखा फिरत होता. आप्पांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर मी बोलले असते, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. खोटं आहे ते. माझं तोंड उघडलं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर पीएच.डी.तून माझं नाव कापलेला कागद आला, उधन्याची आमची खोली आली, वडील आले. आणि तोंड मिटलं.

“माझ्याच मनानं, साहेब,” आप्पा म्हणाले.

“मग मला तुमचं नाव देता येणार नाही,” सर म्हणाले. “आपल्या मनानं करणारा माणूस मी कायम करू शकत नाही.” त्यांनाही वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. आणि मी एक वाक्य बोलले असते, ‘सर, मी सांगितलं होतं’, तर सगळंच बदललं असतं. शिव्या मला बसल्या असत्या. फार तर वर्ष गेलं असतं. एक वर्ष!

एकतीस मार्चला आप्पांची सहा महिन्यांची ऑर्डर संपली. त्यांनी सगळ्या काचा, सगळ्या बाटल्या धुऊन कपाटात लावल्या, कुठली कुठं आहे ते मला दाखवलं आणि डबा घेऊन गेले. एप्रिलमध्ये ते पुन्हा पांडेसऱ्याच्या गेटावर उभे राहायला लागले, असं मला वडिलांकडून कळलं. विलायतेच्या लोकांनी नवी बाटली पाठवली. सरांनी खरं काय झालं ते त्यांना कळवलं होतं. माझे चाळीस पेशंट पूर्ण झाले. नवा तंत्रज्ञ बी.एस्सी. झालेला होता, त्याच्या काचा नेहमी थोड्या गढूळ यायच्या.

नव्व्याण्णवच्या डिसेंबरात माझी तोंडी परीक्षा झाली. परीक्षकांनी प्रबंधातलं एकच पान उघडून ठेवलं होतं. दोन फोटो, एक तपकिरी आणि एक कोरा. म्हणाले, सगळ्या प्रबंधाचा जीव इथं आहे. मी खाली मान घालून ‘थँक्यू’ म्हटलं.

त्याच रविवारी मी पेढ्यांचा डबा घेऊन पांडेसऱ्याला गेले. पावणेतीन वर्षांत मी तिकडं फिरकले नव्हते. खोली तीच, पण आप्पा खाटेवर बसलेले, गळ्याभोवती मफलर आणि दर दोन वाक्यांनंतर खोकला. मला पाहून त्यांचा चेहरा असा फुलला, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रबंधातले ते दोन फोटो मी सोबत नेले होते, ते त्यांनी मागितले. खिडकीपाशी नेऊन, डोळे बारीक करून, बराच वेळ पाहिले. “बरोबर थांबवलं होतं,” म्हणाले. 

प्रमिलाबाईंनी एक पेढा देवापुढं ठेवला आणि स्टोव्ह पेटवायला बसल्या. मला वाटलं होतं, दारातच चार शब्द सुनावतील. पण त्या माझ्या शेजारी सरकून, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, “ताई, तुमच्यावर माझा राग नाही हं. यांनी मला सांगितलं सगळं. नेमक्या त्या दिवशी तुम्ही रजेवर. शिंदखेड्याला गेलेल्या. मी यांना नेहमी म्हणते, नशिबाचा खेळ शे. ताई असत्या तर बोलल्या असत्या. बोलल्या असत्या ना हो, ताई?”

मी आप्पांकडे पाहिलं. ते फोटोकडे पाहत होते. खूप लक्ष देऊन पाहत होते.

काय सांगू तुम्हाला? ‘हो’ म्हटलं असतं तर चहा पिऊन, हसून, घरी आले असते. पण तो पाठीवरचा हात मला सहन होईना.

“प्रमिलाबाई, मी रजेवर नव्हते,” मी म्हटलं. “मी तिथंच उभी होते. परत ओतायला मीच सांगितलं होतं. आणि मी बोलले नाही.”

स्टोव्हचा पंप मारता मारता त्यांचा हात थांबला. दुसरा हात माझ्या पाठीवरून खाली आला. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, नवऱ्याकडे पाहत होत्या. “असं?” एवढंच म्हणाल्या. मग उठल्या, देवापुढचा पेढा उचलला, डब्यात होता तिथं परत ठेवला, झाकण लावलं आणि डबा माझ्या पिशवीशेजारी आणून ठेवला. आदळआपट नाही, काही नाही. आणि स्टोव्ह न पेटवताच बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या.

आप्पा मला सोडायला रस्त्यापर्यंत आले. मला वेडीला वाटत होतं, ते म्हणतील, बरं झालं बोललीस, ताई. रिक्षा दिसेपर्यंत ते खोकत राहिले. मग थांबले. त्यांना मी रागावलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

“काय गरज होती?” ते म्हणाले. “माझ्या बाजूनं कोणी बोललं नाही, ते मला ठाऊक शे. मी सोसलं. तिला वाटत होतं, आपलं एक माणूस होतं तिथं, फक्त त्या दिवशी नव्हतं. त्याच्यावर तिनं इतके दिवस काढले. मी पुन्हा वाफेत जायला लागलो तेव्हा रडली नाही ती, त्याच्यावर. आता तिनं कशावर काढायचे, सांग ना?”

मी त्यांचे पाय धरायला वाकले, तर ते मागं सरले. त्यांनी रिक्षावाल्याला गुजरातीत माझा पत्ता सांगितला, जपून ने म्हणाले, आणि वळून गल्लीत गेले. मी पुन्हा त्या गल्लीत गेले नाही, आणि पुढच्या वर्षी ते दोघं नरडाण्याला परत गेल्याचं कळलं. त्या दिवशी उधन्याचं फाटक येईपर्यंत मी रिक्षात ताठ बसून होते. डबा मांडीवर होता. घरी जाऊन उघडला, तर त्यातला एकही पेढा कमी झालेला नव्हता.